आठ पाण्यांचा चहा

मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या बोलण्यात ‘पाणी’ हा शब्द पदार्थाचा जितका वाचक आहे तितकाच तो मोजणीचाही आहे. गव्हाला पहिले पाणी पेरणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी द्यायचे, पुढचे कांडी धरताना आणि त्यानंतरचे दाणा भरताना, असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा एकाच विहिरीचे पाणी दर खेपेला पिकात निराळे काम करते हे त्यात गृहीत धरलेले असते. ऊलाँग नावाच्या चिनी चहाचा आस्वाद घेण्याची पद्धत समजून घेताना याच शब्दाचा आधार सोयीचा ठरतो, कारण या पद्धतीत एका लहान भांड्यात पाने एकदाच घातली जातात, त्यांच्यावर सहा, आठ, प्रसंगी दहा वेळा गरम पाणी ओतले जाते आणि दर वेळी उतरलेला अर्क पूर्ण निथळून घेऊन वेगळा प्यायला जातो. अशा प्रत्येक खेपेला पुढील विवेचनात ‘पाणी’ असेच म्हटले आहे.

बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील सिरसाळा हे काळ्या जमिनीचे, कापूस, सोयाबीन, ज्वारी आणि ऊस यांच्या पट्ट्यातले गाव असून तेथे चहा पिकत नाही, पण प्यायला मात्र दिवसातून अनेकदा जातो. येथील, किंबहुना सगळ्या मराठवाड्यातील, चहा म्हणजे पातेल्यात पाणी, दूध, साखर, आले आणि चहापत्ती एकत्र उकळून गाळलेले दाट पेय. आणि दूध नसेल तेव्हा, विशेषतः ऊसतोडीच्या हंगामात पहाटे कोपीबाहेरच्या चुलीवर, गुळाचा कोरा चहा. या चहाला लागणारी दाणेदार पत्ती सीटीसी या प्रक्रियेने तयार होते. चिरडणे, फाडणे आणि गुंडाळणे या तीन क्रियांच्या इंग्रजी नावांची ही आद्याक्षरे असून, तिचे यंत्र १९३० च्या सुमारास आसाममधील आमगुडीच्या मळ्यावर विल्यम मॅककर्चर यांनी बनवले. दातेरी रुळांमधून जाताना पानाच्या पेशी इतक्या पूर्णपणे फुटतात की तयार झालेल्या दाण्यातून रंग, कडकपणा आणि तुरटपणा दोनतीन मिनिटांच्या उकळीतच बाहेर पडतो, आणि गाळणीत राहिलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी घालण्यात फारसा अर्थ उरत नाही. दूध आणि गोडी पेलून धरणारा जोर या पत्तीत असतो आणि तो तिचा खरा गुण आहे. तिच्याजवळ जे आहे ते ती एकाच वेळी देऊन टाकते. ऊलाँगचे पान मात्र जवळजवळ अखंड ठेवलेले असते, त्यामुळे ते हप्त्याहप्त्याने देते, आणि हे हप्ते एकसारखे नसतात.

हिरवा चहा, काळा चहा आणि ऊलाँग हे तीन निरनिराळ्या झाडांचे नसून कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच सदाहरित झुडपाचे असतात, आणि त्यांच्यातील भेद पान खुडल्यानंतर त्याचे काय केले जाते यावर ठरतो. चिरलेले वांगे उघडे राहिले की काळे पडते, कारण त्याच्या फुटलेल्या पेशींमधील पॉलिफेनॉल ही द्रव्ये विकराच्या, म्हणजे सजीवांतील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या, साहाय्याने हवेतील प्राणवायूशी संयोग पावतात. या क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात. चहाच्या पानातही नेमके हेच घडते. हिरव्या चहात खुडलेले पान लवकरच तापवून विकर निकामी केले जाते, काळ्या चहात क्रिया शेवटापर्यंत जाऊ दिली जाते, आणि ऊलाँगमध्ये ती मध्येच, कधी दहाबारा टक्क्यांवर तर कधी साठसत्तर टक्क्यांवर, थांबवली जाते. तरीही ऊलाँगला अर्धा हिरवा आणि अर्धा काळा चहा म्हणणे अपुरे आहे, कारण दोन प्रकार एकत्र मिसळून तो वास कधीच मिळत नाही.

तो वास पानाला दिलेल्या त्रासातून येतो. खुडलेली पाने आधी उन्हात आणि मग सावलीत पसरून किंचित कोमेजू दिल्यावर ती बांबूच्या मोठ्या, सुपासारख्या पसरट परड्यांत धान्य पाखडावे तशी हलवली जातात, मग तासदोन तास विसावू दिली जातात, पुन्हा हलवली जातात, आणि असे रात्रभर चालते. एकमेकांवर घासून पानांच्या कडा दुखावतात पण मधला भाग शाबूत राहतो, त्यामुळे कडा तांबूस होतात आणि मध्य हिरवा राहतो. पाण्यात उलगडलेले असे पान तांबड्या काठाच्या हिरव्या लुगड्यासारखे दिसते. खुडल्यानंतरही पान काही काळ जिवंत असते आणि हलवण्याचा ताण पडला की ते सुगंधी द्रव्ये तयार करू लागते, असे अलीकडच्या संशोधनातून दिसून आले आहे. त्यांपैकी इंडोल आणि जास्मिन लॅक्टोन ही द्रव्ये जाईच्या फुलातही असतात. ऊलाँगमध्ये फुलांचा वास येतो तेव्हा त्यात फुले घातलेली असतात, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. इष्ट वास उमटला की पाने तापलेल्या कढईत परतून विकराचे काम थांबवले जाते, त्यांना पीळ देऊन किंवा कापडात बांधून गोळीचा आकार दिला जातो, वाळवले जाते, आणि काही प्रकार शेवटी मंद आचेवर तासन्‌तास भाजले जातात.

कापूस पिकवणाऱ्या वाचकाला यातील एक प्रकार विशेष विचारात पाडील. तैवानमधील ‘पूर्वेची सुंदरी’ अशा अर्थाच्या नावाचा ऊलाँग हिरव्या तुडतुड्यांनी रस शोषलेल्या पानांपासूनच बनतो. कपाशीचे पान कोकडवणारा तुडतुडा आणि चहावरचा हा तुडतुडा एकाच कुळातले कीटक आहेत. डंख झालेले चहाचे पान प्रतिकार म्हणून जी द्रव्ये निर्माण करते त्यांना मधाचा आणि पिकलेल्या फळाचा वास असतो, आणि तो हवा असेल तर त्या मळ्यात कीटकनाशक फवारता येत नाही. बीड जिल्ह्यात ज्या किडीने कपाशीच्या पिकाचे गणित बिघडते, तिच्याच भाऊबंदाने दुसऱ्या एका डोंगरात पिकाचे मोल वाढते.

ऊलाँगचे मूळ घर चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील फूजियान प्रांत हे आहे. चहाला ‘ते’ म्हणणारी बोली याच किनाऱ्यावरची, आणि डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून तो शब्द युरोपात गेल्याने इंग्रजीत त्याचा ‘टी’ झाला. मराठी ‘चहा’ हा शब्द चीनच्या इतर भागांतील ‘चा’ या उच्चाराचा वंशज आहे. फूजियानच्या उत्तरेस वूयी पर्वताच्या खडकाळ कपारींतला गडद, भाजलेला ऊलाँग, दक्षिणेस आन्शी परगण्यातला तिएग्वानयिन, शेजारच्या ग्वांगडाँग प्रांतातील फीनिक्स पर्वतावरचा एकेका झाडाच्या वासावरून नाव घेणारा ऊलाँग आणि समुद्रापलीकडचा तैवानी ऊलाँग, अशी याची चार मोठी घराणी मानली जातात. तैवानी ऊलाँग जगाला माहीत झाला तो १८६९ मध्ये, जॉन डॉड या ब्रिटिश व्यापाऱ्याने दोन जहाजे भरून तो न्यूयॉर्कला पाठवला तेव्हा. तिएग्वानयिन या नावाचा अर्थ ‘लोखंडी ग्वानयिन’ असा आहे, आणि ग्वानयिन हे अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाचे चिनी रूप असल्याने हे नाव मराठवाड्याला परके वाटण्याचे कारण नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील हाती कमळ धरलेला पद्मपाणी आणि औरंगाबाद लेण्यांतील संकटात सापडलेल्यांना तारणारा अवलोकितेश्वर हीच ती करुणेची मूर्ती आहे. भारतात दार्जीलिंग आणि निलगिरी येथील काही मळे ऊलाँग बनवतात, त्यामुळे सिरसाळ्याच्या वाचकाला तो चाखायचा असेल तर परदेशी मालच मागवला पाहिजे असे नाही.

पाने थोड्या पाण्यात दाट घालून वारंवार उतरवण्याच्या रीतीला चिनी भाषेत ‘गोंगफू चा’ म्हणतात. गोंगफू म्हणजे वेळ आणि मेहनत खर्च करून कमावलेले कौशल्य. युद्धकलेलाही हाच शब्द लावला जातो. चीनमधील चहानिर्मितीची पारंपरिक तंत्रे आणि चहाभोवतीचे सामाजिक व्यवहार यांचा युनेस्कोने २०२२ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. या रीतीत झाकण आणि बशी असलेली, कान नसलेली वाटी, म्हणजे गायवान, किंवा यीशिंग येथील तांबूस मातीची चिमुकली किटली वापरतात. भांड्यात साधारण १०० मिलिलिटर पाणी मावते आणि पेले दोनतीन घोटांचे असतात. याच्या जोडीला लाकडी तबक, चिमटे, हुंगण्याचा उंच पेला असा बराच सरंजाम विकला जातो, पण चव त्यावर अवलंबून नाही. चिनी मातीचा एक लहान कप, त्यावर झाकण म्हणून उलटी बशी, एक बारीक गाळणी आणि दुसरा रिकामा कप एवढ्यावर काम भागते. स्टीलचा पेलाही चालतो, मात्र तो लवकर निवतो आणि हाताला चटका देतो. किटलीवर बाहेरून उकळते पाणी ओतत राहण्याची आणि पहिले पाणी पाने धुण्यासाठी टाकून देण्याची जी प्रथा आहे तिचे अनुकरण मराठवाड्यात करू नये. ज्या प्रदेशाने १९७२ चा दुष्काळ पाहिला आणि ज्यातल्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे तबकात वाहून जाणारे पाणी डोळ्याला खुपते. शिवाय चांगल्या चहाचे पहिले पाणी हे त्याचे सर्वांत नाजूक बोलणे असते.

पाण्याचा प्रश्न यापेक्षा खोल आहे, आणि सिरसाळ्यासारख्या ठिकाणी ऊलाँगच्या यशापयशाचा निर्णय पानापेक्षा पाण्यातच होतो. लू यू या चिनी लेखकाने आठव्या शतकातील आपल्या ‘चा जिंग’ या ग्रंथात चहासाठी डोंगरातल्या झऱ्याचे पाणी उत्तम, नदीचे मध्यम आणि विहिरीचे कनिष्ठ ठरवले, आणि आजचे रसायनशास्त्र त्याच्या जिभेला दुजोरा देते. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून झिरपताना भूजलात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट यांचे क्षार विरघळतात. असे पाणी जड किंवा कठीण म्हणवले जाते, त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि पाणी तापवण्याच्या भांड्याला पांढरा थर धरतो. कोऱ्या चहाच्या पृष्ठभागावर येणारी तेलकट दिसणारी तवंगाची चकती बोअरच्या पाण्याने चहा करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेली असते. ती तेलाची नसून पॉलिफेनॉल, कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने बनते, आणि लिंबाचे दोन थेंब पडताच विरते. बायकार्बोनेटमुळे पाणी अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे, असते आणि त्यात चहाचा रंग काळवंडतो, वास दबतो, चव बोथट होते. दूध, आले आणि साखर घातलेल्या चहात हा दोष लपून जातो. ऊलाँगमध्ये लपायला जागा नसते.

जारमधून येणारे शुद्धीकरण यंत्राचे पाणी हा यावरचा सोपा उपाय वाटतो, पण त्यातील क्षार बहुतेक सगळेच काढलेले असल्याने त्यात चहा पातळ आणि धारदार लागतो, जिभेवर टेकत नाही. पिण्यायोग्य असल्याची खात्री असलेले स्थानिक पाणी चांगले उकळून थंड होऊ द्यावे, उकळल्याने बायकार्बोनेटचा काही भाग पांढऱ्या गाळाच्या रूपाने खाली बसतो, वरचे निवळ पाणी हलक्या हाताने ओतून घ्यावे आणि त्याचा एक भाग जारच्या पाण्याच्या तीन भागांत मिसळावा, म्हणजे दोन्ही दोष बरेचसे कमी होतात. पहिल्या एकदोन सरी वाया जाऊ देऊन स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणीही, गाळून आणि उकळून, या कामाला उत्तम असते. तापमानाची चिंता येथे फारशी करावी लागत नाही. हा भाग समुद्रसपाटीपासून साधारण चारपाचशे मीटर उंच असल्याने पाणी १०० ऐवजी ९८ ते ९९ अंश सेल्सियसलाच उकळते, आणि उकळी थांबून बुडबुडे बसेपर्यंतचा अर्धा मिनिट सोडला की ते भाजलेल्या ऊलाँगला हवे तितकेच, सुमारे ९५ अंशांचे, उरते. फार हिरव्या, न भाजलेल्या प्रकाराला मात्र आणखी थोडे निवू द्यावे.

तैवानच्या डाँग डिंग भागातल्या धाटणीचा, गोळीच्या आकाराचा आणि मध्यम भाजलेला ऊलाँग उदाहरणादाखल घेतला आणि त्याची सहा ग्रॅम पाने १०० मिलिलिटरच्या कपात टाकली, तर ती कपाचा जेमतेम तळ झाकतात. पाणी ओतण्यापूर्वीच आस्वादाला सुरुवात होते. कप गरम पाण्याने ऊन करून, पाणी ओतून देऊन, कोरड्या गोळ्या त्यात टाकून झाकण घातले आणि मिनिटाने उघडले की ऊबेने सुटलेला वास वर येतो. पुस्तकांत या वासाला युरोपीय फळांची आणि मेव्याची नावे दिलेली असतात, जी मराठी वाचकाच्या नाकाला काहीच सांगत नाहीत. पौष महिन्यात शेकोटीच्या आरात भाजलेल्या ज्वारीच्या हुरड्याचा खरपूस वास ज्याला ठाऊक आहे त्याने भाजलेल्या ऊलाँगसाठी तोच शब्द वापरावा. काकवी, भाजलेले धने, खारीक, केवडा, पिकून फुटलेले सीताफळ, पहिल्या सरीनंतरची माती ही सारी नावे या चहाच्या वर्णनाला पुरून उरतात, आणि ती उसनी नसल्यामुळे अचूकही असतात.

पहिले पाणी पाऊण मिनिट ठेवावे. गोळ्या अजून बंद असतात, बाहेरच्या थरातून जे सुटते तेवढेच उतरते, त्यामुळे अर्क फिक्या सोनेरी रंगाचा आणि हलका असतो. भाजल्याचा वास पुढे आणि गोडसरपणा मागे अशी त्याची मांडणी असते. या गोडसर, किंचित मुगाच्या वरणासारख्या भरीव चवीत थिएनिन या अमिनो आम्लाचा वाटा असतो. ते पाण्यात सहज विरघळते आणि म्हणून आरंभीच येते. कपातील शेवटचा थेंबही निथळून घ्यावा, कारण तळाशी राहिलेले पाणी पुढच्या खेपेची मुदत संपण्याआधीच तिला कडवट करून ठेवते. निथळल्यावर झाकण थोडे सरकवून वाफ जाऊ द्यावी. शेतात पाणी दिल्यानंतर वाफसा यावा लागतो, चिखलात औत घालून चालत नाही, तसे या पानांनाही दोन पाण्यांच्या मधे ओल आणि ऊब यांच्या मधली अवस्था मानवते.

दुसऱ्या पाण्याला वेळ कमी, अर्धा मिनिटच, द्यायचा असतो, आणि हे नवख्या माणसाला उलटे वाटते. पहिल्या पाण्याने गोळ्या सैल झालेल्या असतात आणि पाणी आता पानाच्या दोन्ही अंगांना भिडते, म्हणून कमी वेळात जास्त उतरते. तिसऱ्या पाण्याला पाने जवळजवळ पूर्ण उलगडतात, कप काठोकाठ भरून टाकतात, आणि बहुतेक चांगल्या ऊलाँगचा भर याच ठिकाणी असतो. भाजल्याचा वास आता मागे सरतो आणि त्याखाली दडलेला फुलाचा वास मोकळा होतो, रंग मधासारखा होतो, अर्काला तोंडात वजन येते. हा घोट बशीत ओतून फुर्रकन भुरका मारून प्यावा. चारचौघांत अशिष्ट मानली गेलेली ही सवय चहा पारखणाऱ्यांची व्यावसायिक रीत आहे, कारण भुरक्याबरोबर हवा आत जाते, अर्काचे बारीक तुषार होतात आणि सुगंधी द्रव्ये घशाच्या मागच्या वाटेने नाकापर्यंत पोचतात. ज्याला चव म्हटले जाते त्याचा मोठा भाग या मागच्या वाटेने आलेला वासच असतो, आणि सर्दी झालेल्या माणसाला जेवण बेचव लागते ते यामुळेच. आजी-आजोबांच्या पिढीने बशीतून चहा पिताना जे केले ते शास्त्राला धरून होते.

चौथ्या आणि पाचव्या पाण्यात, अनुक्रमे पाऊण आणि एक मिनिट ठेवल्यावर, तुरटपणा जाणवू लागतो. येथे मराठी भाषकाला एक जन्मजात सोय आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट अशा षड्‌रसांत तुरट हा स्वतंत्र रस मानणारी परंपरा त्याच्या पाठीशी असल्याने सुपारी, हिरडा, जांभूळ आणि कच्चे केळे यांच्या आधारे तो कडू आणि तुरट यांत सहज भेद करतो. आधुनिक पाश्चात्त्य विज्ञानाच्या मूळ चवींच्या यादीत तुरटपणाला स्थान नाही. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तुरटपणा ही चवीपेक्षा स्पर्शाची जाणीव आहे. चहातील पॉलिफेनॉल लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतात, तोंडाचा ओलसर गुळगुळीतपणा जातो आणि जीभ आवळल्यासारखी वाटते. पॉलिफेनॉलपैकी जड रेणू सावकाश सुटतात, म्हणून ही जाणीव मधल्या पाण्यांत ठळक होते. हलक्या प्रतीच्या ऊलाँगमध्ये ती जिभेवर खडबडीत होऊन बसते. चांगल्या ऊलाँगमध्ये ती क्षणभर येते, सरते आणि तिच्या जागी घशातून वर येणारा गोडवा पसरतो, ज्याला चिनी रसिक ‘ह्वेगान’, म्हणजे परतून येणारी गोडी, म्हणतात आणि ज्यावरून चहाची प्रत ठरवतात. आवळा चावून खाल्ल्यावर पाण्याचा घोट घेतला की ते पाणी गोड लागते, हा अनुभव ज्याने लहानपणी घेतला आहे त्याला या शब्दाचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. साखर घातलेल्या चहात ही गोडी कधीच कळत नाही, कारण ती येण्याआधीच तिची जागा भरलेली असते.

सहावे पाणी दीड मिनिट, सातवे तीन मिनिटे, आठवे पाच मिनिटे, असा पुढचा क्रम राहतो. वास ओसरतो, रंग उतरतो, तुरटपणा निवतो आणि अखेरीस भाताच्या निवळ पेजेसारखी सौम्य, किंचित गोड चव उरते. कोणत्या पाण्याला थांबायचे हे पाने सांगतात. वेळ वाढवूनही अर्कात काही येईना, नुसता ओल्या लाकडाचा वास येऊ लागला, की तेथे थांबावे. काही प्रकार पाचव्यालाच संपतात आणि वूयी पर्वतावरचे काही दहाव्या पाण्यालाही बोलत असतात, म्हणून आठ हा आकडा नियम मानू नये. हिशेबाने पाहिले तर सहा ग्रॅम पानांतून सुमारे ८०० मिलिलिटर चहा मिळतो, जो तिघाचौघांना तासभर पुरतो. महाग वाटणारा चहा खेपांनी भागला असता तेवढा महाग राहत नाही.

चहाच्या व्यापारातली पारख याहून वेगळी असते. आयएसओ ३१०३ हे १९८० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले आंतरराष्ट्रीय मानक दर १०० मिलिलिटरला दोन ग्रॅम पत्ती, उकळते पाणी आणि सहा मिनिटे एवढेच सांगते, आणि त्यामागचा हेतू उत्तम चहा बनवण्याचा नसून निरनिराळ्या मालाची तुलना सारख्या अटींवर करता यावी हा असतो. त्या कसोटीत पानातले गुणदोष एकाच कपात एकमेकांवर साचतात आणि दोष लवकर सापडतात, म्हणून खरेदीदाराला ती उपयोगी पडते. पण कोणता वास आधी आला, कोणता नंतर, आणि दुसऱ्याने पहिल्याला कसे झाकले, हा क्रम तीत नाहीसा होतो. ऊलाँगच्या बाबतीत तोच क्रम गमावणे हे मोठे नुकसान आहे. सवय नसलेल्याने निदान एकदा तरी एकाच पानाचे दोन्ही प्रयोग करून पाहावेत, म्हणजे सहा मिनिटांच्या कपात जे नुसते कडक लागले ते खेपांनी घेतल्यावर चार निराळ्या गोष्टींचे बनलेले होते हे ध्यानात येते.

प्रकृतीच्या संदर्भात दोन गोष्टी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. पहिले पाणी टाकून दिले की चहातले कॅफिन, म्हणजे झोप उडवणारे द्रव्य, निघून जाते, ही समजूत खरी नाही. अर्ध्या मिनिटात त्याचा थोडाच भाग उतरतो, विशेषतः गोळी बंद असताना, आणि उरलेले पुढच्या पाण्यांतून येत राहते, म्हणून रात्री उशिरा आठ पाणी पिऊन झोपेची अपेक्षा करू नये. दुसरे असे की चहातील पॉलिफेनॉल अन्नातले लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा करतात, त्यामुळे रक्त कमी असलेल्यांनी, आणि ग्रामीण भागात अशा स्त्रियांची संख्या मोठी आहे, जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच कोणताही चहा घेऊ नये. मधे तासाभराचे अंतर ठेवावे.

शेवटचे पाणी निथळल्यावर पाने स्टीलच्या ताटलीत पसरून उजेडात पाहणे हा आस्वादाचाच भाग आहे आणि तो टाळू नये. गोळीत आवळून बसलेले पान आता तळहाताच्या अर्ध्याएवढे पसरते, एकाच देठावरची दोनतीन पाने आणि टोकाची कळी वेगळी मोजता येते, आणि खुडणाऱ्या बाईच्या नखाने देठ कोठे तुटला ते दिसते. कड तांबूस आणि मध्य हिरवा असेल तर हलवणाऱ्याचा हात सरावलेला होता. रंग पसरून सगळीकडे सारखाच तपकिरी झाला असेल, किंवा पान चुरडलेले आणि भोकाभोकांचे निघाले, तर घोटातला खडबडीतपणा कोठून आला होता तेही कळते. ही पाने पेलाभर थंड, गाळलेल्या पाण्यात रात्रभर झाकून ठेवली तर सकाळी एक फिका, गार घोट आणखी मिळतो, ज्यात कडू-तुरटपणा जवळजवळ नसतो, आणि त्यानंतर ती तुळशीच्या आळ्यात जातात.